खुर्चीवरची आंघोळ

दम लागलेल्या माणसाला लोक प्रश्न विचारतात. यापेक्षा मोठा मूर्खपणा मी बघितलेला नाही. माणूस ओसरीवर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर उचलून, मिळेल तेवढी हवा आत ओढत बसलेला असतो, आणि समोरचा विचारतो, "काय, दम लागला का?" आता याला काय सांगायचं? सांगायला जो वारा लागतो तोच तर नाही. मग तो पुन्हा विचारतो, जरा मोठ्यानं, कारण आजारी माणूस म्हणजे बहिराही असणार असं आपल्याकडे धरून चालतात.

माझी फुप्फुसं हळदीनं खाल्ली. हे सांगितलं की लोक हसतात. वसमत तालुक्यात, हट्ट्याच्या बाजूला आमचं गाव. इथं हळद न लावणारा माणूस शोधावा लागतो. हळद काढायची, शिजवायची, उन्हात वाळवायची आणि मग लोखंडी ड्रममध्ये घालून गरागरा फिरवायची, म्हणजे वरची साल आणि माती झडून हळकुंड चकचकीत होतं. तो पॉलिशचा ड्रम माझा होता. ट्रॅक्टरला जोडून मी तो खळ्याखळ्यांवर घेऊन फिरायचो. ड्रममधून जी धूळ उडते ती अंगावर बसली की डोळे सोडून सगळा माणूस पिवळा होतो. तरुणपणापासून मी ती धूळ खाल्ली. बिडीला मात्र आयुष्यात हात लावला नाही. तरी दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बिड्या किती ओढत होतात?" नाही म्हटलं की विचारणारा माझ्या पोराकडे बघतो, जसं काही खोटं बोलणाऱ्या लेकराच्या बापाला विचारतोय.

आणि गावाचं औषध काय, तर हळदीचं दूध. येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. ज्या पदार्थानं छाती भरली तोच आता दुधातून प्यायचा. मी सुरुवातीला समजावून सांगत होतो की बाबांनो, हळद पोटात जाणं वेगळं आणि छातीत जाणं वेगळं. पुढं सोडून दिलं. अक्कल वाटायचं काम धडधाकट माणसानं करावं. मला तेवढ्यात लघवीला जाऊन यायचं असायचं, आणि तेही काम मला दुपारभर पुरत होतं.

या सगळ्या शहाण्यांचा म्होरक्या म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. त्याचं घर आमच्या समोर, मधे फक्त गल्ली. दुपारचं जेवण झालं की तो बिडी पेटवायचा, ती ओढत गल्ली ओलांडायचा, आमच्या उंबऱ्याजवळ विझवायचा आणि उरलेलं थोटूक कानावर ठेवून माझ्यासमोर बसायचा. जन्मभर बिड्या ओढलेला माणूस आणि बैलासारखा टणक. साठी ओलांडली तरी खताचं पोतं पाठीवर घेऊन शेतात जायचा. देवानं माणसं घडवताना हिशेब कुठंतरी चुकवला आहे याचा तो चालता-बोलता पुरावा होता, आणि तो पुरावा रोज दुपारी माझ्या घरी यायचा.

त्याच्याकडे मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये जगातले सगळे वैद्य होते. कुणी कांद्याचा रस छातीला चोळायला सांगे, कुणी रुईचं पान शेकून बांधायला. तो मोबाईल माझ्या नाकासमोर धरायचा. पंपाला त्याचा विरोध होता. पंप म्हणजे तोंडात औषधाचा फवारा ओढायचं ते छोटं यंत्र, ज्याच्या जिवावर मी उभा होतो. "पंपाची सवय लागती," तो म्हणायचा. "येकदा पंप लागला का माणूस पंपाचाच व्हतो." आणि मग या आजारानं गेलेल्या माणसांची यादी सुरू व्हायची. पुसेगावचा कुणी साडू, बाळापूरचा कुणी अडत्या, कुणाची मामी. सगळे कसे तडफडले ते तो हातवारे करून दाखवायचा. मी ऐकायचो, कारण उठून जायला लागणारा दम माझ्याकडे नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सगळ्यात संताप यायचा तो त्याच्या एका सवयीचा. मी बोलायला लागलो की मधेच वारा संपायचा. मी थांबायचो. तेवढ्यात तो माझं वाक्य स्वतः पुरं करून टाकायचा, आणि हमखास चुकीचं. मी म्हणायचो, "दादा, तू उद्यापासून..." आणि श्वास घ्यायला थांबायचो. तो म्हणायचा, "येतो, येतो, उद्या लवकर येतो." मला म्हणायचं असायचं की येऊ नकोस.

पण राग येणं ही बरी गोष्ट होती, हे मला उशिरा कळलं.

या आजारात माणूस एकदम पडत नाही. एकेक काम हातातून जातं. आधी ड्रम गेला, तो पोरगं चालवायला लागलं. मग शेत गेलं. मग गल्लीच्या टोकाचं दुकान. मग भाकरी, कारण चावताना श्वास घेता येत नाही. वरणात कुस्करून दिलेली भाकरी मी लहान लेकरासारखी गिळायचो. हसणंही गेलं. हसू आलं की खोकला यायचा आणि खोकला आला की बायको धावत यायची, त्यामुळे घरात कुणी माझ्यासमोर हसण्यासारखं बोलेनासं झालं. घरच्यांनी हे सगळं प्रेमानं केलं. मी उठायच्या आत पाण्याचा तांब्या पुढं यायचा. धोतर नेसायला वेळ लागतो म्हणून पोरानं लुंगी आणली, लुंगी सुटते म्हणून नाडीचा पायजमा आणला. "तुमी बसा निवांत," असं दिवसभर कानावर पडायचं. निवांत या शब्दाची मला शिसारी बसली.

शेवटी आंघोळ गेली. आमची न्हाणी परसात आहे, तीन बाजूंनी पत्रे, खाली शहाबादी फरशी. तिथं उकिडवं बसून वाकून तांब्यानं पाणी घ्यायचं, डोक्यावर ओतायचं, हात वर करून डोकं चोळायचं. ज्याची छाती शाबूत आहे त्याला यात कष्ट आहेत हे सांगूनही पटणार नाही. एका सकाळी मी तिथंच फरशीवर आडवा झालो. साबण अंगावर तसाच, डोळ्यांपुढं अंधार. तेव्हापासून पोरगं आंघोळ घालायला लागलं.

पोरगं वाईट नाही. पण हळदीच्या हंगामात त्याला खळ्यावर जायची घाई असते. तो बादली उचलून भस्सकन पाणी डोक्यावरून ओतायचा. तोंडावर पाणी आलं की माझा श्वास आतल्या आत अडकायचा. विहिरीत बुडणाऱ्याला काय होत असेल ते मला रोज कोरड्या जमिनीवर बसून कळायचं. मी हात झाडायचो. तो म्हणायचा, "झालं बाबा, झालं, येक बादली राह्यली." माझ्या मांड्या, माझं पोट, सगळं त्याच्या हाताखालून जायचं आणि तो दुसरीकडे बघत चोळायचा. त्याचीही चूक नाही. बापाला नागडं बघायची वेळ पोरावर येऊ नये.

मग मी आंघोळच नको म्हणायला लागलो. आज थंडी आहे, आज बरं वाटत नाही. कुणी जास्त आग्रह केला नाही. खरं तर सगळ्यांची सुटका झाली. माझा वास मलाच यायचा. त्या दिवसांत मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायला लागलो. भिंतीवर काही नव्हतं. चुलतभाऊ येऊन बसायचा, बडबडायचा, मोबाईल दाखवायचा, मी वळायचो नाही. आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मला त्याचा राग येत नाही. तो कांद्याच्या रसाचं सांगत होता आणि माझ्या मनात एक शिवीसुद्धा उमटली नाही. मी घाबरलो. आयुष्यभर मी माणसांना नावं ठेवत जगलो. तेवढंही उरलं नाही तर आत काय शिल्लक आहे, हे बघायची हिंमत मला झाली नाही. उद्या उठून बसावं असं काहीच उरलं नव्हतं. मेलो तर पोराची सकाळची खोटी तरी वाचेल, एवढंच डोक्यात फिरायचं.

घरात याला नाव नव्हतं. बायको म्हणायची, "अंगात शक्ती न्हाई म्हणून पडून राह्यतेत." चुलतभावाचं मत वेगळं होतं. त्याच्या मते मला कुणाची तरी नजर लागली होती. माझ्यासारख्या वाळलेल्या लाकडाला नजर कोण लावणार, आणि कशासाठी, हे त्यानं सांगितलं नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक नवी डॉक्टरीण आली होती, आमच्या सुनेच्या वयाची. पोरगं मला पंपाचं औषध आणायला घेऊन गेलं. तिनं बिडीचं विचारलं नाही. तिनं विचारलं, "आंघोळ कोण घालतं?" पोरगं म्हणालं, "मीच घालतो." मग तिनं पोराला बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्याकडे तोंड करून विचारलं, "आजोबा, कशात मन लागतं का?"

एवढ्या वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. जेवण जातं का, झोप लागते का, परसाकडे साफ होते का, सगळं विचारून झालं होतं. मी म्हणालो, "कशात लागायचं?" आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला स्वतःची किळस आली. ड्रम ओढणारा माणूस, सुनेएवढ्या पोरीसमोर बसून रडतो. ती मात्र गडबडली नाही. ती म्हणाली, छातीच्या आजारात मन खचतं ते पुष्कळांचं, त्यात वेड लागण्यासारखं काही नाही, त्यालाही गोळी आहे. पण गोळीइतकंच दुसरं एक काम आहे. हातातून गेलेलं एक तरी काम परत घ्यायचं. "आंघोळीपासून सुरू करा," ती म्हणाली. खुर्चीवर बसायचं, उकिडवं नाही. बादली कशावर तरी उंच ठेवायची, म्हणजे वाकावं लागत नाही. पाणी पायांपासून घ्यायचं, डोकं शेवटी. आणि श्वास सोडताना ओठ गोल करून हळू सोडायचा, चहा फुंकतो तसा.

ती गोळी मी अजून घेतो. चुलतभावाला तिचा पत्ता लागू दिला नाही.

पोरानं त्याच दिवशी प्लास्टिकची लाल खुर्ची घेतली, हातांची. मोटारसायकलवर माझ्या आणि त्याच्या मधे ती बसली आणि मी मागं तिला धरून. गावात शिरलो तेव्हा मला खरंच बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी उद्या सकाळी करायचं काहीतरी होतं.

बायकोनं खुर्ची बघितली. कशाला आणली ते पोरानं सांगितलं. ती अशी बघत राहिली की जणू आम्ही घरात तिरडी आणली.

"न्हाणीत खुर्ची?" ती म्हणाली. "खुर्चीवर बसवून आंघोळ कुणाला घालत्यात, म्हाईत न्हाई का तुमाला?"

माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत असतं. आमच्याकडे माणूस मेला की त्याला दारात गल्लीत बसवून आंघोळ घालतात. पूर्वी पाटावर बसवायचे, दोघं पाठीशी धरून. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यापासून खुर्चीवर बसवतात, छातीवरून पंचा बांधतात म्हणजे माणूस पुढं कलंडत नाही, आणि भावकीतले लोक एकेक तांब्या ओततात. ती खुर्ची मग पुन्हा घरात घेत नाहीत. स्मशानाच्या वाटेवर किंवा उकिरड्यावर ती पडून राहते आणि तिला कुणी हात लावत नाही.

"त्या डॉक्टरणीला काय म्हाईत," बायको म्हणाली. "माझं कुंकू हाय अजून. मी जित्या माणसाला खुर्चीवर न्हाऊ घालू देणार न्हाई."

मी सांगायला लागलो. वाक्याच्या मधे वारा संपला. आणि गल्ली ओलांडून आलेल्या चुलतभावानं ते पुरं केलं. "तो भी तेच म्हणून राह्यला," तो म्हणाला, "न्हाणीत नगं, ओसरीत ठेवा." आणि खुर्ची ओसरीत ओढून तो स्वतः तिच्यावर बसला. करकरली ती.

मला पुन्हा राग आला. खराखुरा, पोटापासून. त्यात एक समाधान होतं, हे कबूल करायला हवं. पण आंघोळ गेली ती गेलीच. आठवड्यातून कधीतरी पोरगं बादली ओतायचं. आणि रोज दुपारी चुलतभाऊ माझ्या आंघोळीच्या खुर्चीवर ऐसपैस बसायचा, पाठीमागं रेलून दोन पायांवर ती डुलवायचा आणि मला दीर्घायुष्याचे उपाय सांगायचा. अख्खं गाव एका बाजूला आणि त्या खुर्चीवरचं त्याचं बुड एका बाजूला ठेवलं तर मी कुणाचा जास्त तिरस्कार केला असता ते सांगता येत नाही. मी मनात त्याला रोज उठवत होतो. "ऊठ, ती माझी हाय," असं. तोंडानं म्हणालो असतो तर त्यानं पुढचं भलतंच काहीतरी जोडलं असतं.

चैत्र सरत होता. दिवसभर कुठल्या ना कुठल्या खळ्यावरून ड्रमचा आवाज यायचा. एका सकाळी समोरच्या घरातून बायकांचा गलका ऐकू आला. मला वाटलं भांडण आहे. त्या घरात भांडणाला मुहूर्त लागत नव्हता. मग सून आली, पदर तोंडाला लावून. "मोठे बाबा गेले," ती म्हणाली. गोठ्यात वैरण टाकता टाकता चुलतभाऊ खाली बसला होता आणि बसल्या जागी संपला होता. छातीत कळ आली असं म्हणायलाही त्याला वेळ मिळाला नाही. कानावर बिडीचं थोटूक तसंच होतं, सून म्हणाली.

पाहुणे येईपर्यंत दुपार झाली. उन्हाची घाई होतीच. आंघोळीची तयारी सुरू झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, खुर्ची पायजे. आणि भावकीतली दोन पोरं सरळ आमच्या ओसरीत शिरली, मी खाटेवर बसलेलो असताना, आणि लाल खुर्ची उचलून घेऊन गेली. मला कुणी विचारलं नाही. मेलेल्या माणसाच्या कामात आजारी माणसाला काय विचारायचं?

त्याला बसवलं. छातीवरून पंचा बांधला. त्याचं तोंड आमच्या ओसरीकडे होतं. तो अगदी रोजच्यासारखा बसला होता, फक्त मान एकानं धरली होती आणि बडबड नव्हती. माझ्या पोरानं पहिली बादली ओतली, माझ्यावर ओततो तशीच, भस्सकन, डोक्यावरून. पाणी तोंडावर आलं आणि त्यानं श्वासासाठी तोंड उघडलं नाही. हात झाडले नाहीत. पाणी नाकावरून, ओठांवरून वाहत गेलं आणि त्याला काहीच झालं नाही.

मला त्याचा हेवा वाटला. असला हेवा कुणाला वाटू नये, पण वाटला. हा माणूस आयुष्यात एकदाही दमला नाही आणि मरतानासुद्धा दमला नाही. आणि मी इथं हवेचा एकेक घोट मोजून घेतोय. मग मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून खोकला आला, आणि गल्लीतल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, भाऊ भावासाठी कसा रडून राह्यला. त्यांनाही काही कळलं नाही, आणि मलाही नीटसं कळलं नव्हतं.

तिरडी गेली. मी स्मशानात जाऊ शकत नव्हतो, पण सुतक मलाही होतंच. मी उठून त्याच्या पायाला हात लावून आलो होतो, दोन माणसांच्या आधारानं. बायकोनं जाताना बजावलं, "प्रेताला शिवलेत तुमी. आंघोळ केल्याशिवाय खाटंला शिवू नका, माठाला शिवू नका. पोरगं मसनातून आलं का घालील तुमाला आंघोळ." आणि ती बाकीच्या बायकांबरोबर विहिरीवर गेली, सुनेला घेऊन.

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. घसा कोरडा पडला होता आणि माठ मागं होता. खाट मागं होती. पोरगं दिवस कलल्याशिवाय येणार नव्हतं, आणि आल्यावर त्याला बापाला धुवायचं होतं. खरकट्या भांड्यासारखा मी दारात पडलो होतो, कुणीतरी येऊन घासेपर्यंत. एवढा तिरस्कार मी दुसऱ्या कुणाचा कधी केला नव्हता जेवढा त्या वेळी स्वतःचा केला.

समोर गल्लीत खुर्ची होती. ओली, उन्हात चमकणारी. भोवती चिखल झाला होता आणि पंचा तसाच तिच्या हातावर लोंबत होता. तिच्याजवळून एक कुत्रं गेलं तेही जरा लांबून गेल्यासारखं वाटलं. आता ती कुणाची नव्हती. बायकोची हरकत होती की जित्या माणसाला मेलेल्याच्या खुर्चीवर बसवायचं नाही. आता ती मेलेल्याचीच खुर्ची होती, आता तिच्यात बिघडायचं काही उरलं नव्हतं. माझंही तसंच होतं.

मी उठलो. खिशातला पंप ओढला. ओठ गोल करून फुंकत फुंकत गल्लीत उतरलो आणि खुर्चीचे दोन्ही हात धरले. पंचा खाली टाकला. खुर्ची पुढं ढकलायची, तिच्यावर भार टाकायचा, एक पाऊल टाकायचं. हे चांगलं जमलं, काठीपेक्षा चांगलं. गल्लीच्या मधोमध दम संपला तेव्हा मी सरळ त्या खुर्चीवर बसलो. हा फायदा डॉक्टरणीनंही सांगितला नव्हता. शेजारची म्हातारी दारात आली, मला त्या खुर्चीवर बसलेला बघितलं, आणि किंचाळायचंही विसरून दार लावून घेतलं. तिला वाटलं असेल की गेलेला परत आला. मला हसू आलं आणि खोकला आला नाही.

घराला वळसा घालून परसात पोचेपर्यंत मी पुन्हा पुन्हा बसलो. घमेलं पालथं घालून त्यावर रिकामी बादली ठेवली आणि टाकीची नळी तिच्यात सोडली. टाकीतलं पाणी उन्हानं तापलेलं होतं. कपडे काढले. खुर्चीवर बसलो. आधी पाय धुतले. मग मांड्या, पोट. थांबलो, फुंकलो. माझी मांडी किती सुकली आहे ते मला तेव्हा दिसलं, पण ती माझ्या हाताखाली होती. मग हात, बगला. पुन्हा थांबलो. कुणी "झालं बाबा, झालं" म्हणत नव्हतं. किती वेळ गेला मला ठाऊक नाही आणि कुणाला विचारायचंही नव्हतं. शेवटी मान मागं टाकून तांब्या हळूच टाळूवर ओतला, तोंडावर येऊ न देता. खुर्ची करकरली.

"सरक जरा," मी म्हणालो. "जन्मभर माझी जागा अडवून बसलास. तुझा तो कांदा, तुझं ते दूध. आता सांग की..."

वारा संपला. मी थांबलो.

पत्र्याबाहेरून बायकोचा आवाज आला. ती ओल्या लुगड्यानं तशीच विहिरीवरून आली होती. "कुणासंग बोलून राह्यलात?"

"कुणासंग न्हाई."

ती आत डोकावली. खुर्ची बघितली. माझं ओलं डोकं बघितलं. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करणार. तिनं ओला पदर पिळला. मग म्हणाली, "पाठ राह्यली तुमची." आणि कोरडं धोतर आणायला आत गेली. पायजमा नाही, धोतर.

खुर्ची न्हाणीतच आहे. तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, सून फरशी धुताना तिच्याभोवतीनं धुते. पोराला आता मला आंघोळ घालावी लागत नाही. तो तोंडाला रुमाल बांधून खळ्यावर जातो आणि पिवळा होऊन येतो, आणि मी नीट कपडा बांध म्हटलं की हसतो. तोही एक मूर्खच आहे. छाती माझी आहे तशीच आहे. काही दिवस अजून भिंतीकडे तोंड करून जातात. पण त्या दिवशीही दुपारी मला उठावं लागतं.

गाव सकाळी आंघोळ करतं. मी दुपारी करतो, जेवणं झाल्यावर, चुलतभाऊ यायचा त्या वेळेला. घरचे म्हणतात पाणी तापलेलं असतं म्हणून, आणि मी त्यांना तसं समजू देतो. खुर्चीवर बसलो की मी त्याला शिव्या घालायला लागतो, नाव घेऊन, तब्येतीत. मधे दम लागतो. मी थांबतो, चहा फुंकल्यासारखा श्वास सोडतो, आणि वाक्य कुणी पुरं करतंय का याची वाट बघतो. मग उरलेलं मीच बोलतो.